एक पिक्सेल निळी

खणभागातल्या मगदूम फ्रेमवाल्यांची वेबसाइट
मी विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर बसून केली.
वीस फोटो. त्यातले एकोणीस उघडणारे:
सागवानी पट्टी, सोनेरी पट्टी, लग्नाचा जोड,
पुरात भिजलेला फोटो काचेपासून सोडवून देण्याचं काम.
बोट ठेवलं की आतलं पान यावं, असे.

त्या एकोणिसांना मी बारीक निळी कड दिली.
जुनी रीत. आता कुणी देत नाही.
पण मला वाटतं, दार असेल तर दार दिसावं,
भिंत चाचपत माणसानं किती वेळ उभं राहायचं?

जिनगोंडाकाकांनी फोन हातभर लांब धरला.
चष्मा कपाळावर, नखांत वाळलेला फेविकॉल.
"ही रेघ कशाला गं?"
"उघडतंय ते कळायला."
"कड काय उघडायला असती व्हय?
चाळीस वर्षं मी चौकट मारतोय, ती मिटवायला.
माणूस गेलं की फोटो येतोय माझ्याकडं.
चारी बाजूनं चुका ठोकल्या की संपलं.
आतलं आत, भायेरचं भायेर.
काढ ती."

काढली.
बॉर्डर, पुढे शून्य, पुढे अर्धविराम.
एवढंच लिहायचं असतं.
देखणी दिसली चित्रं, खोटं कशाला बोलू,
पण पांढऱ्यावर नुसती उभी,
पावण्यांच्यात कुठं बसावं न कळलेल्या पोरांसारखी.

पावणेदोन महिने पुराच्या फोटोंचं पान
एकानंही उघडलं नाही.
मला आकडे दिसतात. काकांना सांगितले नाहीत.

मग हरिपूरच्या एक बाई दुकानात आल्या.
मी तिथंच होते, उरलेले पैसे मागायला.
पिशवीत काच, काचेला चिकटलेला नवरा,
निम्मा चेहरा, निम्मा कृष्णेचा गाळ.
"रात्री किती बोट मारलं तुमच्या फोटूवर," म्हणाल्या,
"काय उघडंना बघा."
आणि दाखवलं, कुठं मारलं ते.

पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात
काकांचे वडील. आदगोंडा मगदूम, दुकानाचे मूळ पुरुष.
विसातला तेवढाच एक, न उघडणारा.
भिंतीवरच्या तसबिरीचा मीच काढलेला फोटो,
त्यात सागवानी चौकट आपसूक आलेली.
"ह्यास्नीच तेवढी चौकट हाय,
मला वाटलं, हितनंच आत जायाचं."

काका भिंतीकडे बघत राहिले.
पंख्यानं पावतीपुस्तकाची पानं दोनदा उलटली.
"आण्णांना असं किती जणांनी उठवलं असंल गं?"
मला ते आकडे दिसत नाहीत.
न उघडणाऱ्यावर पडलेलं बोट
कुठंच मोजलं जात नाही.

"घाल तुझी रेघ," म्हणाले. "बाकीच्यांना.
आण्णांचं लाकूड तेवढं काप."

त्या रात्री कापलं. चारी बाजूंनी, बेतानं,
टोपीला धक्का न लावता.
एकतीस वर्षांनी आण्णा मोकळे,
आणि एकोणीस जणांभोवती एक पिक्सेल निळी.
ती लाकडासारखी दिसत नाही, हे मलाही कळतं.
बाई चार दिवसांनी येणार होत्या.

आल्या. मीही होते, पैसे अजून निम्मेच आलेत.
काकांनी नवी पट्टी फडक्यानं पुसली,
आणि नेहमीसारखं, कुठं पोकळ राहिलं का बघायला,
बोटाच्या पेरानं काच वाजवली.
टक. टक.

आम्ही तिघंही जरा थांबलो.