मध्यवर्ती

सगळ्याच लॉजवाल्यांनी लिहिलंय, मध्यवर्ती.
कशाच्या मध्ये, ते एकानेही लिहिलेलं नाही.
मोबाइलमधला नकाशा म्हणतो, शहराचा मध्य इथे,
आणि बोट ठेवतो एका पेट्रोल पंपावर.

माझं बजेट आठशे रुपये रोज. दोन रात्री.
ओढूनताणून साडेनऊशे,
पण मग उशीला तेलाचा वास नको
आणि बादलीला कडी हवी.

मी राजेश्वरी, माहेरची गाजूल.
ठाण्यात सांगून आलेय, ऑफिसचं ट्रेनिंग आहे.
सोलापुरात सांगितलेलंच नाही.

ज्या गावात आपली अकरा घरं
तिथे लॉजवर उतरायचं म्हणजे
अकरा घरांच्या तोंडावर दार लावायचं.
कळतं मला.
म्हणूनच मी अंतर स्टेशनपासून मोजत नाही,
नातेवाइकांपासून मोजते.

अशोक चौक नको.
तिथे थोरली आत्या दारात बसून
विड्या वळता वळता अख्खा रस्ता वाचते.
नव्या पेठेतलं चांगलं आहे, लिफ्टसुद्धा आहे,
पण लिफ्टच्या खाली व्यंकटेशचं टॉवेलचं दुकान.
सात रस्त्याला वहिनीची भिशी असते गुरुवारी,
आणि उद्या गुरुवार.
स्टेशनसमोर स्वस्तात मिळते खोली,
पण नरहरीमामा रोज पहाटे तिथे पेपर घ्यायला येतो,
घरी पेपर येत असूनही.
तलावाकाठचं एक होतं, खिडकीतून सिद्धेश्वर.
बावीसशे.
हा देव मला आजवर फुकट दिसत आला,
त्याचे पैसे मोजणं जिवावर आलं.

उरलं ते एका बोळात होतं.
पाटीवरचं 'लॉ' गळून पडलेलं, नुसतंच 'ज'.
काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड उलटंसुलटं केलं.
माहेर कुठलं, असं विचारणारच होता बहुतेक,
मग माझ्याकडे बघून नाही विचारलं.
रजिस्टरमध्ये रकाना होता, येण्याचं कारण.
मी म्हटलं, झोप.
त्याने लिहिलं, खासगी.

पुढची खोली नऊशे, मागची सातशे.
दोनशे कमी का?
मागं रात्रभर माग चालतात ताई,
पुण्याची पार्टी परवा भांडून गेली.
मी म्हटलं, मागचीच द्या.

दिवसभर उन्हात भटकले. तलावाच्या पायऱ्यांवर बसले.
कडक भाकरी हातानेच मोडून
शेंगा चटणीशी खाल्ली, बोटं लाल.
कुणी विचारलं नाही, अजून अर्धी वाढू का,
जावयाचं काय चाललंय, वजन का उतरलं.
अर्धी भाकरी उरली तेव्हा मात्र
इकडेतिकडे बघितलं, कुणी विचारतंय का.

रात्री पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं.
भिंतीपलीकडे धोटा जायचा, यायचा,
आणि मध्येच एक अडखळ,
जशी आमच्या मागाला होती,
जी अप्पांनी कधीच दुरुस्त करून घेतली नाही,
म्हणायचे, ती थांबली की मला जाग येते.
बावीस वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

साडेअकराला फोन वाजला. व्यंकटेश.
झोपेतच घेतला.
काय गं राजी, बऱ्याच दिवसांत फोन नाही.
बरी आहे रे, म्हटलं.
तो गप्प झाला.
मग म्हणाला, मागं माग चालतोय काय?
मी ताडकन उठून बसले.
हो, भिवंडीला आलेय. ट्रेनिंग आहे.

पलीकडे पुन्हा शांतता.
तेवढ्यात धोटा गेला, आला, अडखळला.

भिवंडीचा माग असा वाजत नाही, तो म्हणाला.
कुठल्या बोळात हैस, सांग की.
आणि जेवलीस का?