बत्तेन

नऊ मुलं गेली नागासाकीला, सहा दिवसांसाठी.
दहावी जागा सोबतच्या शिक्षकाची होती,
तिच्यावर विश्वस्तांचे मेहुणे गेले.
त्यांना शिक्के गोळा करायचा छंद आहे.
माझ्या पासपोर्टला अजून घडीसुद्धा पडलेली नाही.

मी दांडिया बाजारात जपानी शिकवते,
भाकरवडीच्या दुकानावरच्या खोलीत, एकवीस वर्षं.
माझ्या क्रियापदांना तेलाचा वास येतो.
नमस्काराला किती अंशांत वाकायचं
ते कंपासपेटीतल्या कोनमापकानं दाखवते
आणि परीक्षेत विचारते : बंदर कुठे आहे?
उत्तर लिहा : बंदर तिकडे आहे.
बडोद्याहून सगळीच बंदरं तिकडे.
इथे विश्वामित्री, तिच्यात मगरी,
आणि सूरसागर, त्याला कुठेच जायचं नसतं.

फाल्गुनीला पाठ करून दिलं होतं
माझं सगळ्यात लांब वाक्य :
मांस नको, मासे नकोत, अंडं नको,
रश्शात माशाचा अर्कही नको, क्षमा असावी.
तिची आई म्हणाली, थेपले दिलेत,
तरी वाक्य असू द्या.
पहिल्याच दुपारी निरोप :
सेन्सेई, न अडखळता म्हटलं.
मालकीणबाई रडवेल्या झाल्या,
नुसता भात दिला, वर तीळ,
पैसे घेतले नाहीत.

केतकी फणसेनं ट्राम पाठवली,
रिक्षाचा दम निघेल असे चढ पाठवले,
आणि एक दगडी पूल,
जो पाण्यात पडून चष्मा होतो.
तिसऱ्या दिवशी कुणी काही पाठवलं नाही.
वेळापत्रक मीच टाइप केलेलं, मला ठाऊक होतं.
तिथल्या घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झालीयत
आणि तेवढीच राहणार आहेत.
इथले साडेसात, वर दोन.
मी त्या वेळी दुधाच्या पिशवीचं टोक कापत होते,
ते कात्रीला चिकटून बसलं, झटकलं तरी पडेना.
रात्री इक्रामनं विचारलं :
सेन्सेई, "पाणी द्या" आपण कधी शिकलो?
मी लिहिलं : धडा दुसरा, पान सतरा.
बराच वेळ तो काही तरी टाइप करत होता.
मग नुसतं : हो.

परतले तेव्हा जिना दणाणला.
केक आणला होता, तळाशी जाड साखरेचा,
फाल्गुनीनं तो लांबूनच कौतुकानं पाहिला
आणि खालून भाकरवडी मागवली.
इक्राम म्हणाला, तिथे एक बेट होतं, पंख्यासारखं,
आता चहूबाजूंनी भर घातलीय, समुद्र दूर गेलाय.
बेटावर डच व्यापारी राहायचे, मधे एक पूल,
आणि पुलावरून दुभाषे जायचे-यायचे.
बापाची भाषा मुलाला, मुलाची नातवाला,
पण एकालाही देश सोडायची परवानगी नव्हती.
ते वाचलं, सेन्सेई, आणि आम्हाला सगळ्यांना एकदम —
फाल्गुनीनं त्याला कोपर मारलं.

मी विचारलं, त्यांचे उच्चार कसे असतील रे?
चुकीचे, तो म्हणाला,
जहाजं मात्र रिकामी व्हायची.

मग खिशातून चिठ्ठी काढावी तसा
एक शब्द काढला त्यानं : बत्तेन.
तिकडची माणसं "पण"ला असं म्हणतात.
पुस्तकात नाहीये.
मी फळ्यावर लिहिला. एक अक्षर चुकलं,
केतकीनं हळूच सांगितलं. पुसून पुन्हा लिहिला.

संध्याकाळी सूरसागराला फेरी मारली.
पाण्यात मधोमध शंकर उभा,
बाजूला नावा बांधलेल्या, आज बंद.
बत्तेन, मी म्हटलं,
वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं.
शेंगावाल्यानं मान वर केली : शुं, बेन?
काही नाही, म्हटलं, दहाच्या द्या.