देठ

भिवापूर रस्त्याच्या सातऱ्यावर
आम्ही चाळीसजणी मांडी घालून बसतो.
मधे मिरचीचा ढीग, बसल्या माणसाच्या खांद्याएवढा.
तोंडावरचा पदर काढायची सोय नाही,
म्हणून निम्मं बोलणं डोळ्यांनीच होतं.

एक मिरची, एक देठ. कट्.
एक मिरची, एक देठ. कट्.
देठ या गुडघ्याला, मिरची त्या गुडघ्याला.
पैसे किलोमागे.
"वारली मिरची वजनच देत नाही माय,"
कौतिका म्हणते, "अख्खा दिवस तोडा,
काटा आपला जागच्या जागी."

परवा पुण्याहून एक पोरगी आली कॅमेरा घेऊन.
आल्या आल्या तीन वेळा शिंकली.
चौथ्या शिंकेला देवांगनाने तिच्या हातावर गूळ ठेवला,
"चघळ. नाक धरू नोको, अजून येते."
पोरगी डोळे पुसत म्हणाली,
मावशी, तुमच्याकडचं तिखट म्हणजे तर!
आणि दोन्ही हातांनी
कानातून धूर निघाल्याचं करून दाखवलं.
तुम्ही घरी किती खात असाल ना?

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
कौतिकाचे नुसते खांदे हलले.

मी सांगितलं तिला, खोटं कशाला.
माझ्या ताटात मिरची नसते.
भात, लाखोळीचं वरण, वरून जवसाचं कच्चं तेल.
वालाच्या शेंगा, मीठ टाकून उकडलेल्या.
ऊन तापलं की आंबील.
आणि सावजी? तिने विचारलं.
सावजीची पाटी पाहिली आहे, म्हटलं, एसटीतून.

तिने कॅमेरा खाली केला.
मी काहीतरी द्यायचं कबूल करून
दिलं नाही, असा चेहरा.
जाताना मूठभर मिरच्या मागितल्या तिने.
मालकाने वजन करून दिल्या.

हे मात्र तिला सांगितलं नाही,
की सातऱ्यावरच्या माझ्या पहिल्या साली
घरी येऊन लेकीला दुधाला घेतलं.
हात धुतले होते. राखेने, मग ताकाने,
मग साबणाने, वडी अर्धी होईस्तोवर.
पोर अशी किंचाळली
की शेजारची म्हातारी काठी घेऊन आली विंचू मारायला.
खाट उलटी केली, वाकळ झटकली,
कोपऱ्यातली मडकी एकेक करून सरकवली.
मी हात पाठीमागे धरून उभी.
म्हातारी शोधत राहिली.

तेव्हापासून कणीक लेकीचा बाप मळतो.
त्याच्या पोळीला चार कोपरे असतात.
वेणीही तोच घालायचा,
बैलाचं दावं वळल्यासारखी.
तिच्या अंगात ताप असला
की कपाळाला हात तो लावायचा
आणि मी दाराशी उभी राहून विचारायचे, किती?
तव्याएवढं?
नाही, तो म्हणायचा. उन्हातल्या कौलाएवढं.
त्यावरून मी ठरवायचे, दवाखाना की काढा.

मृगाच्या आधी सातरा उठतो.
ताडपत्री झाडतात, पोती मोजतात,
उरलेले देठ कुणीतरी पेटवतं
आणि अर्धं गाव खोकत बसतं.
मग मी रोज सकाळी
बोट जिभेला लावून पाहते.
वर्षभरात माझ्या पोटात जाते ती मिरची एवढीच.
पहिल्या दिवशी जीभ पेटते.
तिसऱ्या दिवशी नुसती चुरचुरते.
या साली सहावा दिवस उजाडला
तेव्हा बोटाला फक्त माझी चव होती.
खात्री म्हणून डाव्या हाताचंही पाहिलं.

लेक आता अकरावीला आहे, उमरेडला जाते.
ती सारं पाहत होती बहुतेक.
तेलाची बाटली घेऊन आली,
माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली
आणि रबर काढून दातात धरलं.

केस कमरेखाली गेलेत तिचे.
दिसत होतेच की रोज.
पण एवढे जड असतील असं वाटलं नव्हतं.
तीन पेड करता करता दोनदा चुकले,
पुन्हा सोडले, पुन्हा धरले.

"सैल होते आई," ती रबरातून म्हणाली.
"बाबाची बसमध्ये सुटत नाही."

असू दे म्हटलं.
सुटली तर परत ये.