वरचा खिसा

मर्थरच्या त्या खोलीत रेडिएटर भिंतीला होता, इतकंच.
ग्लेनिस प्रोबर्ट कोट न काढताच बसली.
मी विचारत गेले, यादीत आहे तसं:
हात उचलून कोटाच्या वरच्या खिशात
काही ठेवता येतं का?
'हात जातो,' ती म्हणाली,
'ठेवायचं काय, ते तुम्ही सांगा.'
मी टाइप केलं: हात जातो.

पन्नास मीटर, न थांबता?
तिला मीटर कळेनात.
बेकरीपासून चॅपलच्या फाटकापर्यंत, म्हणाली.
तिथं गज धरून उभी राहते,
लोकांना वाटतं पाटी वाचतेय.
तीन वर्षं तीच पाटी.

मिरजेला होते तेव्हा
मी गुडघा तळव्यानं ऐकायचे,
आत वाळू सरकावी तसा आवाज यायचा.
इथं दोघींच्या मध्ये टेबल आहे
आणि एप्रिलपासून नियम आणखी आवळलेत.

कुत्रा आहे का?
हा प्रश्न यादीत नाही, तो हसत विचारायचा असतो.
कुत्रा म्हणजे फिरणं, फिरणं म्हणजे धडके पाय,
धडके पाय म्हणजे शून्य गुण.
'होता,' ती म्हणाली,
आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.
'तुमच्याकडे आहे?'

बत्तीस मिनिटं. सही.
तिला वाटलं, बरं झालं सगळं.
मलाही कागद आवरताना
क्षणभर तसंच वाटू द्यावंसं वाटलं.

जाताना तिनं, खांदा लावून,
ते जड दार माझ्यासाठी धरून ठेवलं.

हेही लिहावं लागतं.