शेपटी कुठे ठेवायची

पाणी मंडळाच्या कॅन्टीनमध्ये सकाळी नऊला
मी एकशे चाळीस कार्डं टेबलावर ओतली.
झडपांच्या चाव्या. गवतकापणीचा ठेका.
जुन्या पुराचे नकाशे. बांधावर मेंढ्या चारायची परवानगी.
म्हटलं, जे एकत्र राहावंसं वाटतं ते एकत्र ठेवा,
ढिगाला तुमच्याच शब्दांत नाव द्या.
चुकीचं उत्तर नसतं.
(हे मी प्रत्येक संस्थेत म्हणते.
प्रत्येक संस्थेत कुणीतरी माझ्याकडे
कीव आल्यासारखं बघतं.)

बाहेर फ्रीसलंड ताटासारखं सपाट.
जमीन खाली, समुद्र वर,
मध्ये हिरवा बांध
आणि उतारावर तिरप्या उभ्या मेंढ्या.

लेखा विभागाच्या सित्स्केने दहा मिनिटांत
सहा ढीग रचले, कडा जुळवून,
इस्त्रीच्या कपड्यांसारखे.
नावं दिली ती विभागांचीच.
बांध-तपासनीस हिल्केने मात्र वाऱ्यावर लावले:
वायव्येचा सुटला की जे लागतं ते इथे,
वारा पडल्यावर बघू ते तिथे.
मी वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या.

आणि एक माणूस नुसताच उभा.
चेर्ड. बत्तीस वर्षं पाणउंदीर धरतो, हीच नोकरी.
रबरी बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आलेला.
हातात एकच कार्ड:
पकडलेले उंदीर, साप्ताहिक नोंद.

"हे आमचं," सित्स्के म्हणाली. "पगार."
पूर्वी शेपटीमागे पैसे मिळत.
शेपट्या मोजून पाकीट हातात.
पुढे शेपट्या गेल्या,
रकाना राहिला.

"त्या रकान्यात मी जागाही लिहितो," चेर्ड म्हणाला,
"कुठला टप्पा, बीळ किती खोल.
उंदीर मेला म्हणून बीळ बुजत नाही."

हिल्केने मान वर केली.
"बिळं? तू लिहितोस?"
"दर शुक्रवारी."
"कधीपासून?"
चेर्डने सित्स्केकडे पाहिलं,
सित्स्केने खिडकीकडे.

मार्चमध्ये सतराव्या टप्प्यावर बांध खचला होता.
तीन आठवडे कारण शोधलं, उत्रेख्तहून यंत्रं आणली,
मातीच्या पोटाचे फोटो काढले.
कारण चौथ्या मजल्यावर होतं,
'भत्ते'च्या आत 'जुने',
'जुने'च्या आत 'जुने अंतिम'.
काखेत कळसा, ठीक आहे;
पण काख कोणाची,
हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

हिल्केने कार्ड आपल्या ढिगात नेलं.
सित्स्केने परत आणलं: वर्षअखेरीस मला लागतं.
पुन्हा नेलं. पुन्हा आणलं.
बिचारा कागद, एका वेळी एकाच जागी असतो.
मला उत्तर ठाऊक होतं, त्यासाठीच मला पैसे देतात,
पण तोंड उघडायच्या आत
चेर्डने एक कोरं कार्ड ओढलं,
पेन्सिलीने लिहिलं, बीळ,
आणि ते टेबलाच्या मधोमध ठेवलं,
कोणाच्याच ढिगात नाही.

बराच वेळ फक्त कॉफीचं मशीन बोलत होतं.
मग गवताचा ठेका शेजारी आला:
कापणाऱ्यालाच भोक आधी दिसतं.
मग मेंढ्या: पाय मुडपला तर तिथेच.
सगळ्यात शेवटी सित्स्केने पगाराचं कार्ड
अर्धं त्याखाली सरकवलं,
अर्धं आपल्या बोटाखाली ठेवलं.

रात्री हॉटेलात मी झाड काढायला बसले.
फांदीला फांदी, पानाला पान.
बिळापाशी येऊन थांबले.
प्रणालीने विचारलं: मूळ फोल्डर निवडा.
एकच निवडता येईल.
झाडाला मुळं अनेक असतात,
हे हिला कोणी सांगितलेलं नाही.
मी खिडकी उघडली. वारा वायव्येचा होता.

शुक्रवारी चेर्डची नोंद निघाली,
नेहमीसारखी पगार विभागाला.
प्रत: हिल्के.
आणि तळाशी, रकान्यांच्या खाली,
कुठेच न बसणारी एक ओळ:
सतराव्यावर माती परत ओली लागतेय.