पाचच्या खाली

रात्रपाळीला मी एकटाच असतो, काटोल रोडच्या ऑफिसात,
आणि ए.सी. माझ्यासाठी नाही, मशीनसाठी आहे.
बाहेर मे. बारा वाजून गेले तरी भिंती
दिवसभराचं ऊन परत देत बसल्यात.
अख्खं शहर कूलर लावून निजलंय,
आणि जिथे वीज तुटते तिथून निरोप येतात
माझ्या रांगेत.

ही रांग रॉकेलची नव्हे, आधी आला तो पुढे अशी.
इथे प्रत्येकाच्या कपाळावर आकडा आहे, शून्य ते नऊ.
नऊ म्हणजे मेडिकलचा अतिदक्षता विभाग.
आठ, पाण्याचे पंप.
सातात कुणा साहेबांचा बंगला कोणी टाकलाय,
मी विचारलं नाही.
नऊ आला की सगळ्यांना ओलांडून पुढे जातो
आणि कोणी म्हणत नाही, "ओ भाऊ, लाइन मांगून हाय."

निरोप वाचून लाइनमनला धाडणारा प्रोग्राम
बहुतेक वेळ झोपलेला असतो.
त्याला उठवायला ट्रिगर ठेवलाय,
दाराला बांधलेल्या घंटीसारखा.
पाच किंवा त्यावरचं कोणी आलं की वाजते.
पाचच्या खालच्यांनी कितीही गर्दी केली
तरी हलत नाही.
उठलाच, तर वरचे उचलतो,
खाली पोचायच्या आत आणखी एक नऊ येतो,
मग वेळ संपते, आणि पुन्हा झोप.

परवा तीन वाजता, चहा निवलेला,
मी रांगेच्या तळाशी हात घातला.
अकरा दिवसांपूर्वीचा निरोप. प्राधान्य शून्य.
यमुनाबाई निखारे, पाचपावली:
"आमच्या दारासमोरच्या खांबावरचा दिवा इझत नाही.
दिवसा बी जयते. रात्री डोयात येते.
तुमचं बिल वाढन, म्हणून सांगून राह्यली."

मशीननं शब्द शोधले असतील: अंधार, ठिणगी, शॉक, तार.
एकही नाही. बाई म्हणते वीज आहे.
मग तक्रार कसली?

इथून दोन मैलांवर शून्य मैलाचा दगड आहे.
तिथला शून्य सगळ्यांच्या आधी.
जबलपूर, हैदराबाद, सगळी अंतरं त्याच्यापासून निघतात.

आकडा जागच्या जागी बदलता येत नाही.
निरोप बाहेर काढायचा, नवा आकडा लावून पुन्हा टाकायचा.
मी काढला. क्षणभर तो कुठेच नव्हता,
रांगेत नाही, बाहेर नाही,
तेव्हाच लाइट गेली असती तर
बाईचे अकरा दिवस गेले असते.
नऊ लावला. टाकला.

घंटी वाजली.

साडेतीनला तेजराम परातेचा फोन:
"साहेब, नऊ नंबर म्हणून गाडी पयवत आलो,
शिडी लावली, अन् इथं तं लाइट चालू हाय!"
"तोच बंद करायचाय."
तो गप्प. मग, "बंद कराले नऊ नंबर?"
फोन खिशातच चालू राहिला,
शिडी खरखरली, कुठेतरी एक कुत्रं.
"फोटोसेल गेलता. वायर काढून ठेवली.
बाई बाहेरच होती, खाटेवर बसून.
काही बोलली नाही. आत गेली, दार लावलं."

मी नोंद केली. कारणाचा रकाना रिकामा सोडला.

चारच्या सुमारास पाचपावलीहून तीन निरोप आले.
गल्लीत अंधार आहे.
गल्लीत अंधार आहे, कुत्रे भुंकतात.
दिवा कोणी बंद केला, चांगला चालू होता.

प्राधान्य तीन, तिन्हींना.
घंटी हलली नाही.
मी चहा गरम करायला उठलो.