हातचा एक

पैसे एकापुरतेच आहेत, गिन्तौतास म्हणाला,
आणि बेरजेचा कागद त्यानं आमच्याकडे फिरवला.
खिडकीबाहेर मार्च. तळ्यावरचा बर्फ
कडेकडेनं काळा पडत चाललेला.
सोळा सामने हरून झालेत. संघानं कात टाकायची, ठरलंय.
एकोणीस-वीस वर्षांची पोरं घ्यायची, त्यांना हरू द्यायचं,
आणि त्यांच्यापुढे चेंडू घेऊन चालणारा
एक म्हातारा ठेवायचा.
पस्तिशीतला म्हातारा. आमच्या धंद्यात म्हातारपण लवकर येतं.

रिम्विदास की कॉर्डेल?

प्रशिक्षक म्हणाले, रिम्विदास इथला,
मासळीबाजारामागच्या गल्लीतला.
हिशेब बघणारी म्हणाली, तिकिटं कॉर्डेलवर खपतात.
कुणीतरी आकडे वाचले: पास, चुका, मिनिटं.
मग सगळे माझ्याकडे वळले,
कारण या दोघांच्या घोट्यांना पट्ट्या मी बांधते,
एकाच्या बारा वर्षं, एकाच्या चार.

माझ्याकडे आकडे नाहीत. पाय आहेत.
रिम्विदासचा डावा गुडघा जिना उतरताना बोलतो.
मी ऐकते. तो खोकून झाकतो.
दुखणं अंगावर काढायची सवय,
"औद्रोने, कुणाकडे बोलू नकोस,"
आणि दर नाताळाला स्वतः धुरावलेला मासा
वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दारात.
ती लाच नाही.
नाहीच.

कॉर्डेलचं शरीर धड आहे, झोप तेवढी नाही.
मेम्फिसमध्ये आईचं जेवण उरकतं
तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजतात,
आणि तो फोन घेऊन बसलेला असतो.
चार वर्षांत लिथुआनियन भाषेतले चाळीस शब्द शिकला.
त्यातल्या तीस शिव्या,
रिम्विदासनंच शिकवलेल्या.

मंगळवारी सरावानंतर मी पट्ट्या गोळा करत होते.
अर्धे दिवे मालवलेले.
उग्न्युसनं, त्या नव्या पोरानं, आदल्या सामन्यात
नऊ वेळा चेंडू घालवला होता. भिंतीशी बसला होता.
रिम्विदास आला. "दे इकडे."
चेंडू घेतला आणि दाखवलं,
खांदा असा, नजर तशी, आणि चेंडू भलतीकडेच.
काय सुंदर दाखवलं!
पोरानं टाळ्या वाजवल्या. रिम्विदास घरी गेला.

मग कॉर्डेल उठला.
हात पाठीमागे बांधून पोराच्या पुढ्यात उभा राहिला.
"परत," म्हणाला. आमच्या भाषेत.
पोरगा चुकला. "परत."
तासभर त्यानं चेंडूला बोट लावलं नाही.
शेवटी पोरानं चिडून
शिवी हासडली, त्या तिसांतलीच,
तेव्हा कुठे तो हसला.

मी बैठकीत एवढंच सांगितलं.
गुडघ्याचं नाही.
ते सांगितलं असतं तर निर्णय सोपा झाला असता,
कुणालाच वाईट वाटलं नसतं,
आणि मला आयुष्यभर वाटलं असतं.
की गुडघ्याचं सांगावं लागू नये
म्हणूनच मी मंगळवार सांगितला?
गिन्तौतासनं एका नावाखाली रेघ ओढली.
शाळेत हातचा एक असाच वर लिहायचो आम्ही,
बारीक, कोपऱ्यात,
आणि तो विसरला की अख्खी बेरीज चुकायची.
खाली राहिलेल्याचं काय होतं
हे कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिम्विदास माझ्या टेबलावर येऊन बसला.
डावा पाय पुढे केला.
त्याला कळलं होतं. छोटं गाव आहे हे,
बातमी बेकरीत आधी पोचते, मग घरी.
मी पट्टी ताणली. टाचेखालून, घोट्यावरून,
पुन्हा टाचेखालून.
तो माझ्या हातांकडे बघत होता.
"अजून सहा सामने आहेत," तो म्हणाला.
"जरा घट्ट बांध."